शेवटच्या पिंजऱ्याचं गिऱ्हाईक

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये पिंजऱ्यांचाही एक मानपान असतो. दाराशी पिल्लं. त्यानंतर लॅब्रेडॉर, बीगल वगैरे घरंदाज मंडळी, म्हणजे ज्यांना कोणीतरी चांगले पैसे मोजून आणलं आणि मग बदलीचं, बाळंतपणाचं किंवा घरमालकाचं निमित्त सांगून सोडून दिलं. मग आपली साधी गावठी, माणूस दिसला की अर्धं अंग हलवणारी. आणि अगदी शेवटी, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, जिथे पाहुण्यांना सहसा नेत नाहीत तिथे एक पिंजरा असतो. त्यावर खडूनं लिहिलेलं असतं : ‘हात घालू नये.’ आमचे अण्णा शेल्टरच्या फाटकातून आत आले की उजवी-डावीकडे न बघता तिकडे चालायला लागतात.

अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वीजमंडळातून निवृत्त झाले. सगळी नोकरी फॉल्ट शोधण्यात गेली. पहिला वळीव पडला की रात्री-अपरात्री जीप काढायची, कुठे इन्सुलेटर फुटला, कुठे तारेवर फांदी पडली ते बॅटरीच्या उजेडात हुडकायचं, आणि पहाटे चिखलानं माखून घरी यायचं. ज्या गावात दिवे नीट लागलेले असत त्या गावाबद्दल त्यांना कधी आपुलकी वाटली नाही. “तिथे आपलं काम काय?” असं ते अजूनही विचारतात. निवृत्तीनंतर सोबत्यांनी त्यांना हास्यक्लबात नेलं. काहीही कारण नसताना इतकी माणसं एकदम हसतात हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. मग एका रविवारी लेकीबरोबर शेल्टरला जुन्या चादरी द्यायला गेले. चादरी दिल्या आणि टायगरला घेऊन आले.

टायगर हे नाव शेल्टरवाल्यांनी ठेवलेलं. हा टायगर केरसुणीला भ्यायचा. छत्रीला भ्यायचा, कुकरच्या शिट्टीला भ्यायचा, लिफ्टच्या दाराला, दूधवाल्याला, पंख्याच्या सावलीला आणि एकदा आरशात दिसला म्हणून स्वतःलाही भ्याला होता. घरात आल्या आल्या तो दिवाणाखाली शिरला तो तिथेच राहिला. माईंनी विचारलं, “कुत्रं आणलंय म्हणालात ना? कुठाय?” अण्णांनी बोटानं दिवाण दाखवला.

त्या दिवसापासून अण्णांचा मुक्काम जमिनीवर हलला. दिवाणाकडे पाठ करून ते फरशीवर आडवे व्हायचे आणि पेपर वाचायचे. पाठ का, तर टक लावून बघितलं की घाबरलेल्या कुत्र्याला तो हल्ला वाटतो. आम्ही भेटायला गेलो की आम्हालाही खाली बसवायचे आणि भिंतीकडे तोंड करायला लावायचे. एकदा तर अण्णा, मी आणि विम्याचा एजंट असे तिघं तीन दिशांना तोंडं करून चहा प्यालो. एजंटानं पॉलिसीची माहिती कपाटाला सांगितली.

“तीन, तीन, तीन,” अण्णा म्हणायचे. “पहिले तीन दिवस त्याला काही कळत नसतं. तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळतं. तीन महिन्यांनी त्याला वाटतं, हे आपलं घर.” हा आडाखा शेल्टरवाले सगळ्यांनाच सांगतात. माईंचं म्हणणं, मी सून म्हणून आले तेव्हा मला तीन तासांत स्वयंपाकाला लावलं होतं.

अशी माणसं आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठेही भेटतात, आणि ओळखायलाही सोपी असतात. खिशाला उकडलेल्या चिकनचा वास येतो. हातावर जुने-नवे ओरखडे असतात आणि त्या प्रत्येकाचा इतिहास त्यांना तारीखवार सांगता येतो. तुमच्याशी बोलताना ती तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत असतात, कारण कोपऱ्यावरून कोण येतंय त्यावर पुढची पाच मिनिटं अवलंबून असतात. ‘चावला’ हे क्रियापद त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. कुत्रा ‘तोंड लावतो’, ‘स्पष्टपणे सांगतो’ आणि फारच रक्त आलं तर ‘त्याचाही नाइलाज होता’. आणि चूक नेहमी माणसाचीच असते, शक्यतो त्यांची स्वतःची. असला मनाचा मोठेपणा अण्णांनी नोकरीत हाताखालच्या वायरमनला दाखवल्याचं कोणाला आठवत नाही.

दत्तक देण्याच्या जाहिराती वाचण्यात तर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. ‘भरपूर एनर्जी’ म्हणजे सोफा गेला. ‘एकटंच कुत्रं असलेलं घर हवं’ म्हणजे आधीच्या घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला टाके पडले. ‘मोठी मुलं असलेल्या घरासाठी योग्य’ म्हणजे लहान मूल असलेल्या घरातून परत आलाय. ‘अनुभवी पालक हवेत’ असं असलं की अण्णा चष्मा पुसतात. आणि ‘समजून घेणारं घर हवं’ हे वाचलं की माई स्वयंपाकघरातून म्हणतात, “लावा फोन. आता जेवण थोडंच जाणार आहे.”

टायगर तीन महिन्यांनी दिवाणाबाहेर आला. अण्णांनी त्याचा ग्राफ काढला होता. रोज किती इंच नाक बाहेर, असा. ग्राफ चांगला चढता होता, पण टायगर एकदाचा पूर्ण बाहेर येऊन माईंच्या पायाशी झोपायला लागला तसा अण्णांचा उत्साह ओसरला. म्हणजे प्रेम होतंच. पण लाइन चालू झाली होती. पुढच्याच महिन्यात राणी आली.

राणीला कशाचीच भीती नव्हती. तिचा प्रश्न मालकीचा होता. जी वस्तू राणीच्या पंजाखाली, ती राणीची, आणि जवळ याल तर दात दिसतील. हाडूक, चप्पल, टीव्हीचा रिमोट, उशी, एकदा आख्खी बेडरूम. यावर शास्त्रशुद्ध उपाय आहे : हिसकावून घ्यायचं नाही, त्याहून चांगलं काहीतरी द्यायचं आणि अदलाबदल करायची. माणूस जवळ आला की आपलं जात नाही, उलट मिळतं, हे कुत्र्याला पटलं पाहिजे. अण्णांनी ते इतक्या मनापासून पटवलं की राणीनं दुकानच उघडलं. आधी ती हाताला लागेल ते धरून बसायची. आता नेमकं शोधून आणायला लागली. माईंचा चष्मा आणला की दोन तुकडे. गॅसचं पुस्तक आणलं की दोन तुकडे. वर्तमानपत्राला कोणी काही देत नाही हे कळल्यावर तिनं वर्तमानपत्र सोडून दिलं.

नोव्हेंबरात तिनं अण्णांचा हयातीचा दाखला धरला. पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात बँकेला कळवावं लागतं की आम्ही अजून आहोत. त्यासाठी भरून, सही करून टीपॉयवर ठेवलेला कागद राणीनं सोफ्याखाली नेला. मी काही कामानं वर गेलो तर अण्णा फरशीवर पालथे, हातात चिकनची वाटी, आणि सोफ्याखालून गुरगुर. दोन तुकड्यांवर राणी बधेना. चार झाले, सहा झाले. कागदाचं मोल तिनं अण्णांच्या तोंडावरून ओळखलं होतं. शेवटी कागद आणि वाटीतलं सगळं चिकन अशी तडजोड झाली. माई म्हणाल्या, “नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले म्हणतात. पण त्या कुत्र्यानं निदान भाकरी पळवली होती.”

या चिकनबद्दल थोडं सांगायला हवं. अण्णांच्या घरात अंड्याचा केकसुद्धा येत नसे. अण्णा स्वतः अजूनही खात नाहीत. पण भित्र्या कुत्र्याला पोळीचा तुकडा पुरत नाही, त्याच्या दृष्टीनं जगातली सर्वांत भारी वस्तू लागते, असं ट्रेनरनं सांगितल्यापासून मागच्या बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि वेगळा चिमटा आला. चिकनवाल्याला ते पहिल्या दिवशी इतक्या हळू आवाजात ‘पाव किलो’ म्हणाले की त्यानं त्यांना शेजारच्या मेडिकलमध्ये पाठवलं. आता तो लांबूनच ‘अण्णांचं बोनलेस काढ रे’ असं ओरडतो. उकडायचं साध्या पाण्यात. मीठ नाही, मसाला नाही. आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माईंनी हे ऐकलं आणि त्यांचा विरोध निम्म्यानं मावळला. कांदा-लसूण नसलेलं, अंघोळ झाल्यावर केलेलं, कोणी न उष्टावलेलं चिकन! त्या मैत्रिणींना सांगतात, “आमच्याकडे सोवळ्यातलं असतं.”

तर राणी. राणी अण्णांना एकदा चांगलीच ‘स्पष्टपणे बोलली’. अंगठ्याजवळ. अण्णांनी शांतपणे साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला, घड्याळ लावून. मग दवाखान्यात. आधी एकदा पूर्ण कोर्स झालेला असला की दोनच इंजेक्शनं लागतात, एक त्याच दिवशी आणि दुसरं तीन दिवसांनी. तिथे रांगेत एक पोरगा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागणार म्हणून रडत होता. अण्णांनी त्याला ती पद्धत केव्हाच बंद झाली, आता दंडात देतात, हे समजावलं, त्याच्या गल्लीतल्या कुत्र्याची चौकशी केली, कानाला खाच आहे का विचारलं, म्हणजे नसबंदी आणि लस झालेली असणार, आणि त्याला असं पटवून दिलं की कुत्रा झोपलेला असताना सायकलची घंटी वाजवणं हे मुळात चुकलंच. पोरगा कुत्र्याची माफी मागायला निघाला होता. त्याच्या आईनं आवरलं.

अण्णांकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे एक सल्ला तयार असतो : “त्याला बॉस कोण ते दाखवा.” हा सल्ला देणारे बहुतेक गृहस्थ स्वतःच्या घरी कोणी बॉस मानत नाही म्हणून गॅलरीत उभे असतात, पण ते राहू द्या. अण्णा त्यांना बसवतात (भिंतीकडे तोंड करून) आणि सांगतात की ही सगळी भानगड १९४७ची आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या एका स्विस माणसानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात घातले तर मारामाऱ्या होणारच. त्यावरून पुढे अल्फा लांडग्याची कल्पना निघाली. १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. मग त्यानंच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे नुसतं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे अल्फा-बिल्फा म्हणण्यात अर्थ नाही. पुढे तो आपल्याच प्रकाशकाच्या मागे लागला की माझं ते पुस्तक छापणं बंद करा. (मराठी लेखकावर ही वेळ येत नाही. आपले प्रकाशक ते न सांगता करतात.)

“आणि गुरगुरला म्हणून मारायचं तर कधीच नाही,” अण्णा सांगतात. “गुरगुरणं हा फ्यूज आहे. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणारे महाभाग मी आयुष्यभर पाहिले. फ्यूज उडायचा बंद होतो. मग एक दिवस घर पेटतं. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी गुरगुरत नाही. थेट चावतं.” वीजमंडळाच्या नोकरीचा इतका चांगला उपयोग मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिला नाही. चावतं, हे क्रियापदही तेवढ्यापुरतं त्यांच्या तोंडून निघालं, पण ते दुसऱ्यांच्या कुत्र्यांबद्दल होतं.

तिसरा बंड्या. बंड्या घरात गायीसारखा. पट्टा बांधून रस्त्यावर आणला की दुसरं कुत्रं, स्कूटर, हेल्मेट घातलेला माणूस, यांपैकी काहीही दिसलं की दोन पायांवर उभा राहून गल्ली डोक्यावर घ्यायचा. बहुतेक वेळा हा शौर्याचा प्रकार नसतो, भीतीचाच असतो. पट्ट्यामुळे पळता येत नाही म्हणून आरडाओरडा. यावरचा उपाय अंतराचा आहे. समोरचं कुत्रं दिसतंय, पण आपलं कुत्रं अजून खाऊ शकतंय, असं एक अंतर असतं. त्या अंतरावर थांबायचं, दिसलं की चिकन, गेलं की चिकन बंद, आणि महिनोन् महिने इंचाइंचानं पुढे सरकायचं. घंटेवर लाळ गाळणारी पावलॉवची कुत्री आपण शाळेत शिकलो, तेच तत्त्व. फक्त इथे लाळ गाळायला लावायची ती शत्रूकडे बघून.

त्यासाठी अण्णांनी आमच्या भागाचा नकाशा काढला. सिंगल लाइन डायग्रॅमच. कुठल्या गेटामागे कोणतं कुत्रं, कुठला डिलिव्हरीवाला किती वाजता, शाळेची बस कधी, कुठल्या कोपऱ्यावरून समोरचं दिसत नाही. लाल, पिवळा, हिरवा. फिरायची वेळ पहाटे साडेचार आणि रात्री अकरानंतर, लोड कमी असताना. त्या वेळेला बाहेर असतात ती दोनच प्रकारची माणसं : चोर आणि अवघड कुत्र्यांचे मालक. दुसरे एकमेकांना लांबून हात करतात आणि ताबडतोब रस्ता ओलांडतात. अशा गृहस्थांशी अण्णांची चांगली मैत्री आहे. पंचवीस फुटांच्या आत ते एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

ओळखीच्या माणसांचे मात्र गैरसमज झाले. तुम्ही अण्णांना ‘काय म्हणता’ विचारता, अण्णा तोंड उघडतात, आणि अचानक ‘चल चल चल’ म्हणत गर्रकन वळून तरातरा निघून जातात, कारण तुमच्या मागून डॅशहुंड येत असतं. त्यांच्या एका जुन्या साहेबांनी यावरून लेकीच्या लग्नाची पत्रिका पाठवली नाही. अण्णांना त्याचं विशेष वाटलं नाही. साहेब हेल्मेट घालतात.

सोसायटीत अर्थातच तक्रारी झाल्या. लिफ्टमध्ये कुत्री नकोत असा ठराव आला तेव्हा अण्णांनी पशुकल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक बाहेर काढलं, लॅमिनेट केलेलं. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. शिवाय इतिहास. १८३२ साली मुंबईत सरकारनं भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली, दुकानं बंद पाडली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली. “आपण त्या थराला जाऊ नये असं मला वाटतं,” अण्णा नम्रपणे म्हणाले. टायगरला लिफ्टची भीती, बंड्याला जिन्यात लोक भेटतात म्हणून लिफ्टच बरी, आणि राणी लिफ्टमध्ये बसली की लिफ्ट तिची. असा सगळा हिशेब होता.

पण ती सभा गाजली ती वेगळ्याच कारणानं. टुरिड रुगास नावाच्या नॉर्वेच्या एका ट्रेनरबाईंनी कुत्र्यांच्या खाणाखुणांवर पुस्तक लिहिलंय. तणाव वाढला की कुत्री जांभई देतात, ओठ चाटतात, मान बाजूला वळवतात, समोरासमोर न येता वळसा घेऊन येतात. ‘भांडायचं नाही’ असं एकमेकांना सांगायच्या या पद्धती आहेत, असं त्यांचं म्हणणं. अण्णांना हे मनापासून पटलेलं. तर सभेत अध्यक्षांचा आवाज चढला. अण्णांनी मान बाजूला वळवली. अध्यक्ष म्हणाले, “मी तुमच्याशी बोलतोय!” अण्णांनी सावकाश ओठ चाटले. अध्यक्ष टेबलावर हात आपटून उभे राहिले. अण्णांनी त्यांच्याकडे न बघता, डोळे अर्धे मिटून, कानापर्यंत पोचेल अशी मोठी, शांत, दीर्घ जांभई दिली.

पुढची पाच मिनिटं इतिवृत्तात नाहीत. सेक्रेटरींनी ती गाळली. अण्णा मात्र आपल्या शास्त्राला धरून होते. ते उठले, खुर्च्यांना वळसा घालून बाजूनं अध्यक्षांच्या दिशेनं गेले, माईंनी सत्यनारायणाचे म्हणून दिलेले दोन पेढे खिशातून काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि तितक्याच हळू मागे सरकले. अध्यक्षांनी रागाच्या भरातच एक पेढा तोंडात टाकला. तोंडात पेढा असताना ओरडता येत नाही. दुसऱ्या पेढ्याला आवाज खाली आला. लिफ्टचा विषय पुढच्या सभेवर गेला.

“बघितलंस?” जिना चढताना अण्णा मला म्हणाले. “खाऊ शकला. म्हणजे अजून आशा आहे.”

हे सगळं माईंनी कसं चालवून घेतलं हा मला पडलेला प्रश्न आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या घरी खिडक्यांना गाद्या लावलेल्या असतात, टीव्ही मोठ्यानं, तिन्ही पंखे फुल, आणि अण्णा टायगरला पोटाशी धरून आतल्या खोलीतल्या टेबलाखाली. माई बाहेर एकट्या पूजा करतात आणि प्रसाद टेबलाखाली सरकवतात. गेल्या वर्षी त्या मला म्हणाल्या, “माझे गुडघे कुरकुरतात ते यांना ऐकू येत नाहीत. राणीचा डावा कान अर्धा इंच मागे गेला की जेवता जेवता उठतात.” तक्रारीचा सूर नव्हता. नोंद केल्यासारखं बोलल्या.

मला विचाराल तर अण्णांना कुत्रं हवं असं कधी नव्हतंच. त्यांना प्रकरण हवं असतं. ज्याचं निदान कोणाला झालं नाही, ज्याला तीन घरांनी परत पाठवलं, ज्याच्या कागदावर ट्रेनरनं लाल शेरा मारलाय, असं काहीतरी. त्यात थोडा अहंकारही असणार. जगानं हात टेकले तिथे आपला हात पोचतो याचा. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरात ठेवा म्हटलं, आणि अकरा दिवसांनी तो आदेश सौम्य करून नसबंदी-लस करून होती तिथे सोडा म्हटलं, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून, तेव्हा सगळी सोसायटी वाद घालत होती. अण्णा फक्त त्या ‘वगळून’पाशी थांबले. “त्यांचं काय करणार? पाहिलं पाहिजे,” म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. मला तेव्हा ते थोडे भीतिदायक वाटले. पण राणीला अण्णांच्या अहंकाराशी काही देणंघेणं नाही. तिला सोफा मिळाला.

गेल्या हिवाळ्यात टायगर म्हातारपणानं गेला. अण्णांनी ग्राफची वही कपाटात ठेवून दिली आणि काही दिवसांनी शेल्टरला जायची भाषा सुरू केली. या वेळी माई म्हणाल्या, “मीही येते. आणि या वेळी मी निवडणार.” माईंनी दारातल्या दुसऱ्याच पिंजऱ्यातलं कुत्रं निवडलं. बिस्किट. दोन वर्षांचा, तांबूस, गावठी. हात लावू देतो, ताट उचलू देतो, कुकरला भीत नाही, दुसऱ्या कुत्र्यांशी नीट, बसायला सांगितलं की बसतो. शेल्टरच्या बाईंनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, “काका, याच्यात तुमच्यासारखं काही नाही हो.”

अण्णांचे सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. त्यांनी छत्री उघडून पाहिली. हेल्मेट घालून पाहिलं. हाडूक दिलं, परत मागितलं. बिस्किटनं ते हातात आणून दिलं. राणीशी त्याची पहिल्या दुपारीच गट्टी जमली, आणि राणीनं चक्क सोफ्याचा एक कोपरा सोडला. माई त्याला मांडीशी घेऊन मालिका बघायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कोणी कुत्र्याला विनापरवाना कुरवाळत होतं. अण्णा जिन्यात भेटले तर चेहरा उतरलेला. “काही नाही रे. पूर्ण नॉर्मल आहे,” असं म्हणाले, आणि ते सांगताना आवाज असा की मी जवळजवळ ‘वाईट झालं’ म्हणालो होतो.

मग एक गोष्ट ध्यानात आली. अण्णा खोलीत आले की बिस्किट उठून सोफ्यामागे जायचा. आधी योगायोग वाटला. अण्णांनी चष्मा काढून पाहिला, गेला. उंची कमी करायला गुडघ्यांवर चालत आले, तरी गेला. आवाज बारीक केला, आणखी लवकर गेला. लहानपणी, तीन ते बारा आठवड्यांच्या काळात ज्या प्रकारची माणसं कुत्र्यानं पाहिलेली नसतात त्यांची भीती त्याला पुढे राहू शकते, हे अण्णांना पाठ होतं. बायकांमध्ये वाढलेल्या कुत्र्याला उंच, जाड आवाजाचा, मिशीवाला पुरुष म्हणजे संकट वाटू शकतं. एका सकाळी अण्णा मिशी काढून बाहेर आले. नोकरीला लागल्यापासूनची मिशी. माई दचकल्या. बंड्या भुंकला. बिस्किटनं क्षणभर निरखून पाहिलं आणि सोफ्यामागे जाऊन फरशी ओली केली.

त्या संध्याकाळी अण्णा धावत खाली आले. हातात नवी वही. पहिल्या पानावर तारीख, खाली रकाने आखलेले, आणि ‘कशाला भितो’ या रकान्यात ठळक अक्षरात : ‘मला.’

“फक्त मला!” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या कोणालाही नाही. असली क्लीन केस मी पाहिलेली नाही.”

आता त्यांचं सगळं शास्त्रशुद्ध चाललंय. घरात शिरण्याआधी माईंना मिस्ड कॉल द्यायचा. माईंनी बिस्किटच्या हातात, म्हणजे तोंडात, एक तुकडा दिला की दार अर्धं उघडायचं. दिसायचं, दोन तुकडे लांबून टाकायचे, पाठ करायची आणि निघून जायचं. जेवायला त्यांचं ताट जिन्याच्या वळणावर येतं. माई आणि बिस्किट सोफ्यावर, राणी तिच्या कोपऱ्यात, बंड्या पायाशी, टीव्हीवर मालिका. काल रात्री मी गाडीची किल्ली विसरलो म्हणून वर निघालो तर अण्णा पायरीवर बसून आमटी-भात खात होते, शेजारी मोजपट्टी.

“आज दारापासून साडेनऊ फुटांवर बसलो आणि तो उठला नाही,” ते घास गिळत म्हणाले. “माई म्हणते दिवाळीपर्यंत हॉलमध्ये घेऊ तुम्हाला. मी म्हटलं, घाई करू नकोस.”